गुलामीविरुद्ध उभी राहिलेली वर्तमानपत्रे

हजरत अबूबकर (रजि.) यांनी हजरत बिलाल (रजि.) यांना खरेदी करून आझाद केले, हा किस्सा आपण घरोघरी मुलांना सांगतो. गुलाम आझाद करणे हे मोठ्या सवाबाचे काम. पुढच्या काळात हे काम छापील कागदानेही केले. तेही मुलांना सांगायला हवे.

१ जानेवारी १८३१ रोजी अमेरिकेत बोस्टन शहरात विल्यम लॉईड गॅरिसन यांनी 'लिबरेटर' हे साप्ताहिक काढले. सुरुवातीचे बहुतेक वर्गणीदार स्वतंत्र काळे लोक होते. जॉर्जिया राज्याने गॅरिसन यांना पकडण्यासाठी ५,००० डॉलरचे इनाम लावले, तरी पत्र चालूच राहिले. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हाच त्यांनी ते थांबवले. १८४७ मध्ये 'नॉर्थ स्टार' काढणारे फ्रेडरिक डग्लस तर स्वतः गुलामीतून पळालेले. लहानपणी मालकीण त्यांना अक्षरे शिकवू लागली. मालकाने ते बंद केले. वाचायला शिकलेला माणूस गुलाम राहत नाही, हे त्याला ठाऊक होते.

हा लढा महात्मा फुले यांनी ओळखला. १८७३ मधील 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केले. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात 'दीनबंधु' सुरू केले. पुढे ते मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालवले. गिरणी कामगारांना १८९० मध्ये मिळालेली रविवारची सुट्टी ही लोखंडे यांच्याच चळवळीची कमाई.

डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' आणि १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' काढले. वतनाच्या नावाखाली चालणाऱ्या राबणुकीवर त्यांनी लेखणी चालवली. १९४१ मध्ये ते आपल्याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेला आले होते.

वेठबिगारीला १९७६ पासून कायद्याने बंदी आहे. तरी आपल्या भूम भागातून उचल घेतलेली कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला जातात. मुले सोबत गेली की वर्गातली जागा रिकामी पडते. उचलीचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो, आणि तो वाचता येणारे घरात कोणी नसेल तर कर्ज फिटले की नाही हे कसे कळणार?

म्हणून शेजारच्या अशा एका तरी मुलाला हंगामात आपल्या घरी ठेवून घ्या, त्याची शाळा सुटू देऊ नका. आणि रोज संध्याकाळी घरात वर्तमानपत्र मोठ्याने वाचा, मुलींकडूनही वाचून घ्या.