गौहर जानच्या आधी दोघी!

भारतातली पहिली रेकॉर्ड कुणाची? शंभरातले नव्वद जण गायिका गौहर जानचं नाव घेतील. पण थांबा! नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्गने कलकत्त्यात मुद्रण सुरू केलं, तेव्हा त्याने आधी शशीमुखी आणि फणीबाला या रंगभूमीवरच्या दोन मुलींचं गाणं मुद्रित केलं. गौहर त्यानंतर काही दिवसांनी आली. अर्थात, गाजली तीच, आणि ते रास्तच होतं. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जेमतेम तीन मिनिटांत आख्खा ख्याल बसवणं खायचं काम नव्हे! रेकॉर्डच्या शेवटी ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते, ती ऐट नव्हती बरं का. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला बनायच्या. तिथल्या कामगारांना गाणारी कोण, हे कळायला नको?