बाजीप्रभूंचा चेहरा कुठून आला?

इथे रायपूरला एका शिवजयंतीला कुणीतरी पावनखिंडीचं चित्र दाखवून म्हणालं, "बाजीप्रभू असेच दिसायचे." थांबा जरा. लढाई झाली १३ जुलै १६६० रोजी. ती रंगवणारे महादेव विश्वनाथ धुरंधर कोल्हापुरात जन्मले १८६७ मध्ये. बाजींचं त्या काळातलं अस्सल चित्र मिळत नाही. मग चेहरा आला कुठून?

आला मुंबईच्या वर्गातून. १८९० मध्ये धुरंधर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला गेले. समोर माणूस उभा करायचा आणि हाडं-स्नायू समजून काढायचा, ही तिथली तालीम. तोल जाताना पाय कसा रोवला जातो, हे ते बघून शिकले. म्हणून त्यांचे लढवय्ये कागदी वाटत नाहीत. पुढे तिथेच शिकवलं, १९३० मध्ये संचालकही झाले. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे त्यांचं आत्मचरित्र, जरूर वाचा.

त्यांची पावनखिंड औंधच्या संग्रहालयात आहे. तो उभारला राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, जे स्वतःही चित्रकार होते. चित्रात १६६० चा पुरावा शोधू नका. बाजी आपल्या पणजोबांच्या पिढीला कसे दिसत होते, ते मात्र तिथे नक्की सापडेल.