इनामगावचा चर कोणी खणला?

रोजगार हमीच्या कामावर ज्यांनी चर खणले, बांध घातले, त्यांना मुरुमावर कुदळ कशी उसळते हे सांगायला नको. पण ती कुदळ लोखंडाची. लोखंडच ठाऊक नसलेल्या माणसांनी चर कसा खणला असेल?

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तेथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी या संशोधकांनी उत्खनन केले. इ.स.पूर्व १६०० च्या सुमारास वसलेले शेतकऱ्यांचे गाव मातीखाली सापडले. शंभरावर घरे, चुली, रांजण, जळके धान्य.

इ.स.पूर्व १४०० ते १००० या काळात या लोकांनी नदीच्या पुरापासून गाव वाचवायला दगडमातीचा सुमारे २४० मीटर लांबीचा बांध घातला. जवळच चर खणला. रुंदी ४ मीटर, खोली साडेतीन मीटर. दोन माणसे एकावर एक उभी राहिली तरी वरच्याचे डोके बाहेर दिसणार नाही! पुराचे पाणी त्यात वळवायचे आणि तेच शेताला द्यायचे, असे अभ्यासक मानतात. जव हे मुख्य पीक. जोडीला गहू, मसूर, कुळीथ.

हे काम एका कुटुंबाचे नव्हे. गाव राबले असणार, बायामुलांसकट. हत्यारे गारगोटीची, लाकडाची. तांबे होते, पण थोडे.

मात्र पुढची गोष्ट विचार करायला लावते. गावात पाच खोल्यांचे एक घर होते आणि धान्याचे कोठार नेमके त्याला लागून! कुंभार, सोनार असे कारागीर पश्चिमेच्या कडेला राहत. यावरून लगेच जात शोधू नये, तसा पुरावा नाही. पण मधले कोण आणि कडेचे कोण, हे तेव्हाच ठरू लागले होते. तेथे मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालून पाय तोडण्याची रीत होती. त्या मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या रांजणात बसवून पुरलेला पुरुष सापडला, त्याचे पाय मात्र शाबूत होते.

इ.स.पूर्व १००० नंतर दिवस फिरले. पाऊस कमी झाला असावा. प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेती घटली, शिकारीच्या जनावरांची हाडे वाढली. इ.स.पूर्व ७०० च्या सुमारास गाव उठले.