नंदीला रंग कोणता द्यावा?

आमच्या गोंदियात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या माणसाने रस्त्यावर जरा जपूनच चालावे. त्या दिवशी रस्ता बैलांचा असतो. तेही चाकांवर चालणाऱ्या लाकडी बैलांचा. हा तान्हा पोळा. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली तो सुरू केला, असे सांगतात. झूल पांघरलेले, बाशिंग बांधलेले नंदी ओढीत मुले घरोघरी येतात आणि आपण त्यांच्या हातावर बोजारा ठेवायचा, अशी रीत आहे.

माझाही एक नंदी आहे. सागवानी, वीतभर उंचीचा, डाव्या शिंगाचे टोक उडालेला. वडिलांनी तो माझ्यासाठी घडवून घेतला तेव्हा मी चार वर्षांचा होतो. वडील एका राइस मिलमध्ये कामाला होते. यंत्रे रंगवून झाली की डब्याच्या तळाशी पिवळा, नारिंगी रंग उरे. मालकांना विचारून तो ते घरी आणीत आणि पोळ्याच्या आधी नंदीवर नवा हात फिरवीत. असे किती थर चढले असतील, देव जाणे!

यंदा नात सव्वा वर्षाची झाली. मी मोठ्या हौसेने ट्रंकेतून नंदी काढला, पुसला आणि तिच्या पुढ्यात ठेवला. ती दोरी धरील, अशी माझी अपेक्षा. तिने नंदी उचलला आणि शिंग सरळ तोंडात घातले. दात येण्याचे दिवस ते!

"बाबा, त्यावर रंग कसला आहे?" सूनबाईंनी विचारले. त्या औषधांच्या दुकानात बसतात.

"उत्तम आहे. पन्नास वर्षांत कुठे फिका पडला नाही," मी अभिमानाने म्हणालो.

"म्हणूनच विचारते," असे म्हणून त्यांनी तिच्या हातून नंदी काढून घेतला. नात रडली आणि खरे सांगायचे तर मीही रुसलो.

रात्री सूनबाईंनी समजावून सांगितले. जुन्या तैलरंगांची ती पिवळी-नारिंगी झळाळी बहुधा शिशाच्या क्रोमेटची असते. पोटात गेलेले शिसे मुलांचे शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेते. त्याने मेंदूची वाढ खुंटते आणि झालेले नुकसान भरून येत नाही. निर्धोक म्हणावे असे शिशाचे प्रमाणच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जगातल्या दर तीन मुलांपैकी सुमारे एकाच्या रक्तात ते काळजी करण्याइतके आहे, असा अंदाज युनिसेफने २०२० साली दिला होता. मूल तर नेहमीसारखे हसत-खेळत असते. कळते ते रक्त तपासल्यावरच.

आम्ही नातीचे रक्त तपासून घेतले. अहवाल येईपर्यंत मला जेवण गोड लागले नाही. काळजीचे कारण निघाले नाही, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. मग मी पॉलिशपेपर घेऊन नंदी घासायला बसलो, तर सूनबाईंनी तेही थांबवले. "धूळ घरभर होईल, बाबा. ती तर अधिकच वाईट." शेवटी नंदी काचेच्या कपाटात गेला.

आता नातीसाठी नवा नंदी हवा. बाजारात सुताराला विचारले, रंग कोणता लावता? तो प्रामाणिकपणे म्हणाला, "दुकानात जो डबा भेटते तोच लावतो, भाऊ." मी बिनरंगाचाच नंदी घेतला.

रंग निवडताना पहिला विचार जुन्या रंगांचा आला. शेंदूर, हिंगूळ! पण शेंदूर म्हणजे शिशाचेच भस्म आणि हिंगूळ पाऱ्याचा. जुने ते सारे निर्धोक, हा माझा समज तिथेच गळून पडला. पोस्टर कलर किंवा डिंकात कालवलेला गेरू लाळेने सुटतो. तैलरंगाचा डबा घ्यायचा तर त्यावरचा मजकूर वाचावा. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे चालत नाही. मात्र यंत्रांच्या रंगांना तो नियम नाही. तेव्हा कारखान्यातला उरलेला रंग आणि माळ्यावरचा जुना डबा, दोन्ही वर्ज्य! पाण्यात कालवायचा ॲक्रिलिक रंग वाळला की पाण्याने निघत नाही, तो बरा. पण मुलांच्या खेळण्यांसाठी म्हणून लिहिलेलाच घ्यावा. चित्रकारांच्या काही पिवळ्या-तांबड्या नळ्यांत कॅडमियम असते.

आणि आपल्या रानातली लाख? पळस, कुसुम, बोर या झाडांवर किडे ती तयार करतात. आमच्या गावाचे नावच गोंद म्हणजे डिंकाच्या व्यापारावरून पडले, असे म्हणतात. लाख ही त्याच्याच जोडीची. औषधाच्या गोळ्यांना चकाकी येते ती याच लाखेची. चपडी लाख स्पिरिटमध्ये भिजवली आणि पातळ हात दिले. स्पिरिट विषारी आणि चटकन पेट घेणारे. म्हणून चुलीपासून दूर, उघड्या गच्चीत काम केले आणि नंदी आठवडाभर वाळू दिला.

डोळे आणि झूल ॲक्रिलिकने रंगवली. शिंगांना मात्र रंगच दिला नाही, नुसती लाख दिली. कारण शिंगे कुठे जाणार, ते मला आता ठाऊक होते.

दिवाळीत हाच विचार उपयोगी पडेल. किल्ल्यावरच्या मातीच्या मावळ्यांना पोस्टर कलर छान बसतो. माती तो शोषून घेते. प्लॅस्टिकच्या विमानाला थिनरचा रंग लावाल तर प्लॅस्टिकच विरघळेल, तिथे ॲक्रिलिक. विकतच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, पण नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे. म्हणून रंग कोणता, हे विचारायला लाजू नये.

तान्ह्या पोळ्याला नात दोरी धरून निघाली. चार पावले चालली, मग खाली बसली आणि शिंग तोंडात! शेजारी धावले, "अहो, पाहा, पाहा!" मी म्हटले, "खाऊ द्या." गल्लीतून मारबतीच्या नावाने रोगराईला हाकलण्याचा गलका चालला होता. मीही मनात म्हटले, बाई, जाताना माझ्या घरचे शिसेही घेऊन जा. घरी आलो तेव्हा वडिलांचा नंदी काचेआडून पाहत होता. त्याच्याही पुढे बोजारा ठेवला.