डबा, धाबं आणि पाल

दोनशे एकोणसत्तर चौरस फूट. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं हे किमान माप. म्हणजे २५ चौरस मीटर, आणि त्यातच चूल. अमेरिकेच्या आदर्श बांधकाम संहितेत २०१८ पासून ४०० चौरस फुटांपर्यंतच्या ‘टायनी हाउस’साठी वेगळं परिशिष्ट आहे. तिकडे माणसं हौसेनं, व्हिडिओ काढत अशा घरात राहायला जातात. तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडात त्याहून लहान घरात राहायला हौस लागत नाही.

तेव्हा एवढ्याशा जागेत संसार होतो का, हा प्रश्न वऱ्हाडाला विचारू नये. इथले प्रश्न दोन. मे महिन्यात आत काय होतं? आणि घर ज्या जमिनीवर उभं आहे ती कुणाची?

पहिला प्रश्न कंटेनरवाल्यांसाठी. वावरात कंटेनर ठेवून राहायची कल्पना आता गावोगावी पोचली आहे. वीस फुटी डबा बाहेरून वीस बाय आठ, आतून जेमतेम दीडशे चौरस फूट. भिंत म्हणजे सुमारे दोन मिलिमीटरचा पन्हळी पत्रा. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांच्या वर गेला तेव्हा अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना उन्हापायी कलम १४४ लावावं लागलं. त्या उन्हात हा पत्रा दुपारपर्यंतसुद्धा दम धरत नाही. वऱ्हाडातलं जुनं धाब्याचं घर नेमकं याच्या उलट वागायचं. दीड-दोन फुटांच्या मातीच्या भिंती, वर लाकडं, त्यावर फांद्या आणि त्यावर खारवट पांढऱ्या मातीचा जाड थर. दुपारची धग आत पोचेपर्यंत रात्र व्हायची आणि तोवर घरातली माणसं बाजा घेऊन अंगणात नाहीतर धाब्यावर गेलेली असायची.

डब्याला ही जाडी आणायची तर आतून फोमचं अस्तर लावतात. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच लावलं की पावणेआठ फुटांची रुंदी सव्वासात-साडेसात फुटांवर येते. खाट आडवी टाकली की पलीकडे जायला चिंचोळी वाट. शिवाय फोम उष्णता अडवतो तशी धरूनही ठेवतो. आत चूल पेटली, माणसं झोपली, तर ती ऊब बाहेर जायला वाट हवी. आपला कूलर कोरड्या हवेत झकास चालतो, पण त्याच्या समोरच्या अंगाला खिडकी उघडी लागते. बंद डब्यात कूलर लावला की तासाभरात दमटपणानं जीव घाबरा होतो. म्हणून विकणाऱ्याला रंग विचारण्याआधी खिडक्या विचाराव्यात. डबा ठेवताना लांब भिंती उत्तर-दक्षिणेला याव्यात, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन मुख्यतः आखूड भिंतींवर पडतं. वर फूटभर अंतर सोडून टिनांचं दुसरं छप्पर द्यावं. अकोट-तेल्हारा पट्ट्यातले पानपिंपरी लावणारे शेतकरी वेलीसाठी शेवरी-पांगाऱ्याची सावली धरतात. तेवढी काळजी माणसाचीही घेता येईल. अर्थिंगमध्ये मात्र काटकसर नको, सगळं घरच लोखंडाचं आहे.

एका बाबतीत डबा पक्क्या घराला हरवतो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या विटांच्या भिंतीला तडे देते. हे वऱ्हाडात कुणाला सांगायला नको. कंटेनर मात्र चार कोपऱ्यांवर तोललेली सांगाड्याची पेटी. एक कोपरा खचला तर जॅक लावून उचलायचा, खाली ठोकळा सारायचा. भिंतीला चीर जात नाही.

दुसरा प्रश्न कागदाचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता शेतातल्या ‘शेतइमारती’त अवजारं, कडबा, गुरं यांच्या निवाऱ्याबरोबर शेतकऱ्याच्या कुटुंबाचं आणि गड्यांचं राहणंही धरते. पण तेच घर पर्यटकांना भाड्यानं दिलं की ते शेतीचं काम राहत नाही. हिवरखेड आता नगरपरिषद झाली आहे, त्यामुळे हद्दीतल्या वावरात डबा उतरवण्याआधी तिथे विचारून घेतलेलं बरं. सातबारा असलेल्याचं काम अशा एखाद-दुसऱ्या खेपेत होऊ शकतं.

सातबारा नसलेल्यांची घरं तर या मुलखात कंटेनरच्या कितीतरी आधीपासून फिरत आहेत. मेंढ्या घेऊन येणारे काठेवाडी आपला डेरा सोबत वागवतात. वावरात मेंढ्या बसवायच्या, लेंडीखत द्यायचं, मोबदला घ्यायचा आणि पुढच्या गावी निघायचं. गाडी लोहारांचं तर गाडी हेच घर, भाता आणि ऐरण गाडीशेजारी. चितोड पडलं तेव्हा, १५६८ साली, छपराखाली न राहण्याची शपथ पूर्वजांनी घेतली, अशी त्यांची परंपरा सांगते. ती सोडवायला ६ एप्रिल १९५५ रोजी पंडित नेहरू त्यांना घेऊन चितोडगडावर गेले. शपथ सुटली, पण म्हणून सगळ्यांना जागा मिळाली असं झालं नाही.

अमेरिकेतही गंमत अशीच. तिथे कारखान्यात तयार होणाऱ्या घरांना १५ जून १९७६ पासून केंद्राची एकच संहिता लागू आहे. पोलादी सांगाड्यावरचं ते घर बहुतेक वेळा एकदा जागेवर बसलं की पुन्हा हलत नाही. आणि अनेकांचं घर स्वतःचं, खालची जमीन मात्र भाड्याची. जमीनमालकानं भाडं वाढवलं तर चाकाचं घर असूनही माणूस अडकतो, कारण ते हलवायचा खर्च झेपत नाही.

आपल्याकडे विमुक्त-भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. तिच्यात कुटुंबाला पाच गुंठे जमीन आणि पुन्हा तेच २६९ चौरस फुटांचं घर. मला यात घरापेक्षा पाच गुंठे मोलाचे वाटतात. लोहाराला भट्टी लावायला, शेळ्या बांधायला, गाडी उभी करायला तीच जागा. पालात राहणाऱ्यांना या योजनेत प्राधान्य आहे. पण अटींच्या यादीत आणखी एक ओळ आहे: कुटुंब वर्षातून किमान सहा महिने एका ठिकाणी राहत असलं पाहिजे. पाल उठवून पुढच्या गावी जाणाऱ्यानं हे सहा महिने कोणत्या गावच्या कागदावर दाखवायचे?