रंग न मोजणारा कॅमेरा

जुलै लागला की मुळशीचे फोटो फोनवर फिरू लागतात आणि ते सगळे हिरवे असतात. पौड मागे टाकून रस्ता धरणाच्या काठाला लागला की डोंगर हिरवे, बांध हिरवे, रोपं हिरवी, दगडावरचं शेवाळंही हिरवंच. त्या हिरव्याला नावं ठेवण्याचं काही कारण नाही. उन्हाळाभर करपलेल्या डोंगरावर तो परतला की कुणालाही बरं वाटतं. पण छायाचित्रात तो बाकी सगळ्याला गिळून टाकतो. भातखाचरांच्या उतरत्या पायऱ्या, कातळाचे आडवे थर, लावणीला वाकलेल्या बायकांची रांग, ढगाच्या फटीतून आलेला तिरपा उजेड, हे सगळं तिथे असतं, पण पाहणारा ‘वा, काय हिरवंगार!’ म्हणतो आणि पुढच्या फोटोकडे वळतो.

अलीकडे पावसाळ्यात मी या तालुक्यात जो कॅमेरा घेऊन हिंडतो, त्याला रंग कळतच नाही. मेनूत जाऊन रंग बंद केलेत असं नव्हे. रंग ओळखण्याची सोयच त्यात बसवलेली नाही. असे कॅमेरे जगात मोजक्याच कंपन्या बनवतात, आणि पहिल्यांदा हातात घेणारा बहुतेक वेळा एकच विचारतो: साध्या कॅमेऱ्याने काढलेला रंगीत फोटो नंतर कृष्णधवल करता येत असताना, कमी करणाऱ्या यंत्राला जास्त पैसे कशाला मोजायचे?

याचं उत्तर सेन्सरच्या पोटात आहे. कुठलाही सेन्सर मुळात रंगांधळा असतो. त्याच्यावरच्या लाखो बारीक कप्प्यांपैकी प्रत्येकाला एवढंच सांगता येतं की आपल्यावर उजेड किती पडला. तो तांबडा होता की निळा, हे त्याला कळत नाही. १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला हातात धरता येणारा डिजिटल कॅमेरा जुळवला, तोही कृष्णधवलच होता. साडेतीन किलोंहून जास्त वजन, शंभर गुणिले शंभर म्हणजे फक्त दहा हजार पिक्सेल, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला तेवीस सेकंद. त्याच वर्षी त्याच कंपनीतल्या ब्राइस बायर यांनी या रंगांधळ्या पृष्ठभागाकडून रंग वदवून घेण्याची युक्ती पेटंटसाठी दाखल केली. प्रत्येक कप्प्यावर एका रंगाची चिमुकली काच: निम्म्या कप्प्यांवर हिरवी, पाव कप्प्यांवर तांबडी, उरलेल्या पावावर निळी. हिरव्याला दुप्पट वाटा अशासाठी की उजेडाचे बारकावे माणसाचा डोळा हिरव्यातच सगळ्यात जास्त टिपतो. १९७६ मध्ये पेटंट मिळालं आणि आज तुमच्याआमच्या फोनमधले कॅमेरेसुद्धा त्याच मांडणीवर किंवा तिच्या भाईबंदांवर चालतात.

युक्ती थोर आहे, यात शंका नाही. पण तिची किंमत मोजावी लागते. तांबड्या काचेखालच्या कप्प्याला हिरवा आणि निळा किती होता हे माहीत नसतं, म्हणून कॅमेऱ्यातलं गणित शेजाऱ्यांकडे पाहून ते आकडे अंदाजाने भरतं. म्हणजे रंगीत फोटोतल्या प्रत्येक बिंदूच्या तीन आकड्यांपैकी एकच मोजलेला असतो आणि दोन अनुमानाचे असतात. शिवाय या काचा आपापला रंग सोडून उरलेला उजेड अडवतात. असा फोटो नंतर कृष्णधवल केला तरी आधी अडलेला उजेड परत येत नाही आणि अनुमानाचं मोजमाप होत नाही. मोनोक्रोम कॅमेऱ्यात ही काचांची जाळीच नसते. प्रत्येक बिंदू प्रत्यक्ष मोजलेला, आणि कप्प्यापर्यंत पोचणारा उजेड साधारण दुप्पट.

हा फरक आकड्यांतही दिसतो. लायका कंपनीच्या ‘एम ९’ या रंगीत कॅमेऱ्याचा मूळ आयएसओ १६० होता. त्याच सेन्सरवरची जाळी काढून त्यांनी मे २०१२ मध्ये ‘एम मोनोक्रोम’ आणला, त्याचा ३२०. अठरा मेगापिक्सेलचा तो सीसीडी सेन्सर मुळात कोडॅकच्या घराण्यातला, आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरी जाहीर केली होती. जिथे डिजिटल कॅमेरा जन्मला आणि जिथे त्याला रंग मिळाला, ते घर कोसळत असतानाच त्याचा सेन्सर पुन्हा मूळ रूपात दुकानात आला. मला या योगायोगाचं फार वाटतं. तशी कल्पना नवी नव्हती. १९९१ सालच्या कोडॅकच्या पहिल्या व्यावसायिक डिजिटल कॅमेऱ्यालाही कृष्णधवल जोड मिळत असे. लायकाने मात्र हा प्रकार टिकवला. २०१५ मध्ये २४ मेगापिक्सेल, २०२० मध्ये ४०, आणि एप्रिल २०२३ मध्ये ६० मेगापिक्सेलचा ‘एम ११ मोनोक्रोम’, तेव्हा अमेरिकेत ९,१९५ डॉलरचा. त्याच महिन्यात पेंटॅक्सने ‘के-३ मार्क ३ मोनोक्रोम’ काढला: सुमारे २५.७ मेगापिक्सेल, किंमत लायकाच्या चौथाईच्या आसपास, आणि सांध्यासांध्यात पाणी अडवणारी रबरी सीलं. मुळशीत पावसाळ्यात फिरणाऱ्याला ती सीलं मेगापिक्सेलपेक्षा मोलाची.

ज्यांना उजेडाचा कण न् कण हवा असतो, त्यांनी ही जाळी कधी स्वीकारलीच नाही. घोडेगावजवळ गिरावलीला पुण्याच्या आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. अशा दुर्बिणींचे कॅमेरे मोनोक्रोमच असतात. रंग हवा असेल तर समोर एकेक फिल्टर धरून वेगवेगळी चित्रं घेतात आणि मागाहून एकत्र करतात. इस्रोने २००५ मध्ये सोडलेल्या ‘कार्टोसॅट-१’चे अडीच मीटर तपशिलाचे कॅमेरेही पॅनक्रोमॅटिकच होते, म्हणजे सगळ्या रंगांचा उजेड एकत्र मोजून एकच छटा देणारे. त्यामुळे मोनोक्रोम कॅमेरा म्हणजे जुन्या फिल्मच्या आठवणींचा लाड, असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही.

जुनी परंपरा आपल्याकडे आहे, पण तिची अडचण वेगळी होती. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या पहिल्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. त्या काळच्या रसायनांना निळा उजेडच काय तो नीट कळे. निळं आकाश कोरं पांढरं येई, झाडं काळीकुट्ट, तांबडी माती तर त्याहून काळी. सगळे रंग जवळपास डोळ्याच्या प्रमाणात करड्यात उतरवणाऱ्या काचा यायला विसावं शतक उजाडावं लागलं. तेव्हापासून कृष्णधवल छायाचित्रकाराच्या पिशवीत लेन्ससमोर लावायचे रंगीत फिल्टर आले: पिवळा, नारंगी, तांबडा, हिरवा. रंगीत डिजिटल कॅमेऱ्याने ते घालवले, कारण कुठला रंग किती उजळ करायचा हे आता संगणकावर पट्टी सरकवून ठरवता येतं. मोनोक्रोम कॅमेऱ्याने ते परत आणले. इथे पट्टी सरकवायला रंग शिल्लकच नसतो. जे ठरवायचं ते डोंगरावर उभं राहून, शटर दाबण्याआधी.

लावणीच्या दिवसांतलं एक चित्र सांगतो. चिखलणी झालेल्या खाचरात पाच-सहा बायका ओळीने रोपं लावताहेत, अंगावर प्लास्टिकच्या कागदाची खोळ. इरली आता क्वचितच दिसतात. मधल्या बाईची साडी तांबडी. रंगीत फोटोत ती हिरव्यावर ठसठशीत उठते आणि फोटो तयार होतो. मोनोक्रोममध्ये तीच साडी आणि मागच्या तरव्याचा हिरवा चौकोन यांचा करडा जवळजवळ एक येतो आणि बाई मागच्या हिरव्यात विरघळते. तिथे दोन वाटा असतात. हिरवा फिल्टर लावला तर रोपं उजळतात, साडी गडद होते आणि बाई सुटी होते. नाहीतर थांबायचं. ओळ मागे सरकत सरकत अजून लावणी न झालेल्या, आभाळ उतरलेल्या पाण्यापाशी येईपर्यंत. तिथे पांढऱ्या पाण्यावर वाकलेली पाठ, कोपरातून मोडलेला हात, मुठीतली जुडी, सगळं सुटं दिसतं. मी बहुधा थांबतो. थांबल्यावर लक्षात येतं की साडीचा रंग हा त्या चित्रातला सगळ्यात फुकटचा भाग होता. खरं चित्र त्या कमरेच्या कोनात होतं.

धुक्यात मात्र फिल्टरांची मात्रा चालत नाही. मे महिन्यात मुळशीवर जो धुरकटपणा असतो, तो अतिशय बारीक कणांचा. ते निळा उजेड जास्त विखुरतात. तेव्हा नारंगी किंवा तांबडा फिल्टर लावला की कोरीगडाची तटबंदी, तैलबैलाच्या दोन उभ्या भिंती लांबूनही कापून ठेवल्यासारख्या दिसतात. जुलैतल्या धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीहून कितीतरी मोठे. ते सगळे रंग सारखेच विखुरतात, त्यामुळे तांबडा फिल्टर तिथे तीन स्टॉप उजेड खातो आणि बदल्यात काही देत नाही. शिवाय हिरव्या पानांतून तांबडा उजेड फारसा परततच नाही, म्हणून ओलं रान डांबरासारखं काळं येतं. ताम्हिणीच्या वळणांवर पावसाळ्यात तांबडा फिल्टर पिशवीतच बरा.

या यंत्राची सगळ्यात कडक शिस्त उजळ भागाची आहे. रंगीत सेन्सरमध्ये पांढरं जळायला लागलं तरी हिरवे कप्पे भरून वाहताना तांबड्या-निळ्यांत काही माहिती उरते आणि सॉफ्टवेअर त्यावरून गेलेला तपशील थोडाफार सावरतं. इथे सावरायला दुसरं कुणी नाही. धबधब्याची धार एकदा कोरी पांढरी झाली की कायमची झाली. म्हणून जुन्या निगेटिव्हच्या उलट चालायचं. फिल्मवाले सावलीसाठी एक्स्पोजर धरत; मोनोक्रोमवाल्याने ढगासाठी, पाण्यासाठी आणि त्या प्लास्टिकच्या खोळीवरच्या चकाकीसाठी धरावं. स्क्रीनवर चित्र अंधारलेलं दिसलं तरी घाबरू नये. सावलीतून हा सेन्सर जे परत देतो, ते पाहून फिल्मवर शिकलेला माणूस थक्क होतो.

पिंपरीहून भिऱ्याकडे उतरणाऱ्या अंधारबनात हे नीट समजतं. ऑगस्टमधल्या दुपारी त्या झाडीत फोनचे कॅमेरे चाचपडतात. रंगीत कॅमेऱ्यात आयएसओ फार चढवला की करड्या खोडांवर जांभळे-हिरवे डाग उमटतात, कारण अनुमानाच्या आकड्यांतली चूक रंगाच्या रूपाने बाहेर पडते. मोनोक्रोममध्ये रंगच नाही, तर रंगाचे डाग कुठून येणार? उरतो तो एकसारखा रवाळ पोत, आणि त्याच्यात ओल्या सालीच्या भेगा, दगडफुलाची कड, पाऊलवाटेवरून वाहणारं पाणी टिकून राहतं. बसाल्टचा कातळ तर या कॅमेऱ्यासाठीच घडलाय असं मला वाटतं. कोरडा असताना करडा, ओला झाला की जवळजवळ काळा, आणि पाझर असेल तिथे चांदीसारखा. या मधल्या छटा हेच मुळशीचं पावसाळी रूप आहे, आणि हिरव्याच्या पुरात त्या वाहून जातात.

धरणाच्या पाण्याबद्दलही हेच. रंगीत फोटोत ते सहलीचं तळं होतं. १९२१ च्या रामनवमीला याच खोऱ्यातल्या मावळ्यांनी जमिनी बुडू नयेत म्हणून सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी चिकटली ती या लढ्यापासून. आज जिथे पाणी पसरलंय तिथे भाताची खाचरं होती. फोटोतून निळा रंग काढला की इतिहास आपोआप दिसू लागतो असा माझा दावा नाही, पण पाणी पोस्टकार्डासारखं दिसत नाही आणि नजर काठावर, डोंगर पाण्यात जिथे अचानक बुडतो त्या रेषेवर जाऊन थांबते. तेवढं मला पुरतं.

तोटेही आहेत. ज्याला निर्णय घरी, निवांत घ्यायचे असतील, त्याला रंगीत कॅमेराच सोयीचा. एकाच चित्राचे दहा कृष्णधवल अवतार त्यातून काढता येतात. लग्नकार्याला, पाखरांना, फुलांना हे यंत्र जवळजवळ निरुपयोगी. सप्टेंबरअखेर सोनकी फुलून पठारं पिवळी होतात तेव्हा मी रंगीत कॅमेराच घेऊन निघतो, त्या पिवळ्याला करड्यात घालण्याचं पाप कशाला? आणि पैसा हा मोठा प्रश्न आहेच. छायाचित्रण शिकणाऱ्या मुलांना मी आधी जुना फिल्म कॅमेरा किंवा हातातल्या कॅमेऱ्याचा मोनोक्रोम मोड वापरायला सांगतो. करड्यात विचार करायची सवय लागली आणि मग यंत्र कमी पडायला लागलं, तरच पुढचा खर्च करावा.

यातलं बरंचसं काम छपाईत पुरं होतं, हे मात्र कुणी सांगत नाही. स्क्रीनला मागून उजेड असतो, तिथे सगळंच झळाळतं. कागदाला स्वतःचा उजेड नाही. साध्या रंगीत प्रिंटरवर करडा छापला की दिव्यानुसार तो कधी हिरवट, कधी जांभळट दिसतो, म्हणून काळ्याबरोबर दोन-तीन करड्या शाया असलेला पिगमेंट प्रिंटर आणि जाड सुती कागद लागतो. धुक्याच्या चित्रात मी सगळ्यात उजळ जागाही कागदाच्या पांढऱ्यापेक्षा किंचित खाली ठेवतो, म्हणजे तिथेही शाईचा पुसट हात फिरतो. तो नसला तर धुकं संपून कोरा कागद सुरू होतो आणि चित्राला भोक पडल्यासारखं दिसतं. मग त्या जागेच्या उजळपणाचा आकडा दोन-तीन टक्क्यांनी खाली आणायचा आणि पुन्हा छापायचं.