तेलाची झारी आणि पाळीचा निरोप



आपण ऊस तोडून कारखान्यावर धाडतो. काट्यावर वजन होते, गाडी गव्हाणीवर लागते आणि मोळी आत पडते. पुढे आत काय चालते हे पाहायला जाणारे सभासद थोडेच. उतारा किती बसला, भाव किती निघणार, एवढ्यावर आपली चर्चा संपते. पण मोळीपासून पोत्यापर्यंतच्या वाटेवर दोन गोष्टी अशा आहेत की अहवालात त्यांना फारशी जागा मिळत नाही, आणि त्या चुकल्या तर गाळप मात्र जागच्या जागी बसते. एक म्हणजे वंगण. दुसरी म्हणजे एका कामगाराने दुसऱ्याला द्यायचा निरोप. १९५०-५१ च्या हंगामात लोणीला, विठ्ठलराव विखे-पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्यात पहिले गाळप झाले. तेव्हापासूनच्या पाऊणशे वर्षांत या दोन्ही गोष्टी कशा बदलत गेल्या, हे सभासदाला ठाऊक असावे म्हणून हा लेख.

हिशेब साधा आहे. दिवसाला २५०० टन गाळणारा कारखाना तासाला सुमारे १०४ टन ऊस खातो. एक बेअरिंग तापून मिल एक तास थांबली, तर शंभरावर टन ऊस गाड्यांमध्ये वाळत बसतो. उतारा ११ टक्के धरला तर शंभराहून अधिक क्विंटल साखर तासभर पुढे ढकलली जाते. तोडलेला ऊस जितका उशिरा गाळावा तितकी त्यातली साखर मोडते आणि वजनही घटते. ही झीज शेवटी आपल्याच पदरात पडते.

वंगण शेतकऱ्याला नवे नाही

लाकडी चाकाची बैलगाडी ज्यांनी हाकली त्यांना वंगणाचे महत्त्व सांगायला नको. कण्याला वंगण नसले की चाक कुरकुरते, बैल लवकर दमतो आणि लाकूड झिजते. गुऱ्हाळाच्या चरकालाही तेच. एरंडेल, करंजेल, चरबी, जे घरात मिळेल ते घालायचे. साखर कारखान्याची मिल हा त्याच चरकाचा थोरला भाऊ आहे. भार तेवढा शेकडो पटींनी वाढला.

तेल नेमके काय करते, हे शास्त्राला बऱ्याच उशिरा कळले. १८८३ साली इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर नावाचे इंजिनिअर रेल्वेच्या धर्तीच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. वरून तेल सोडण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले, तर त्यातून तेल उलटे वर येऊ लागले. बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. मग दाबमापक लावल्यावर उलगडा झाला. फिरणारा दांडा स्वतःच तेल ओढून घेतो आणि तेलाचा पातळ पडदा सगळा भार उचलून धरतो. धातू धातूला लागतच नाही. १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी याचे गणित मांडले.

मिलचे दुखणे वेगळे

आता गंमत अशी की हा पडदा तयार व्हायला वेग लागतो. आपल्या मिलचा रोलर मिनिटाला चार-पाच फेरेच घेतो आणि त्यावर हायड्रॉलिकचा दाब शेकडो टनांचा. त्यात उसाचा आंबूस रस, पाणी आणि बगॅसचे तूस बेअरिंगमध्ये शिरते. पातळ तेल इथे टिकतच नाही. म्हणून मिलच्या ब्राससाठी डांबरासारखे काळे, घट्ट तेल वापरत आले. ब्रास थंड राहावी म्हणून तिच्यातून पाणी खेळवायचे. तेल एकदा गेले की परत येत नसे, खाली ट्रेमध्ये गळून जाई.

जुन्या काळी ही सारी मदार ऑईलमनवर असे. खांद्यावर कॉटन वेस्ट, हातात झारी. ठरल्या वेळी फेरी मारायची, कुपीतून थेंब पडतो का पाहायचे, ग्रीस कपाला एक आटा द्यायचा आणि बेअरिंगच्या खोक्याला तळहात लावून ताप बघायचा. “मिस्त्री, दोन नंबरची ब्रास तापायला लागलीय, पाणी वाढवा,” हा निरोप थर्मामीटरच्या आधी पोचत असे.

वाफेच्या इंजिनाची तऱ्हा निराळी होती. सिलिंडरमध्ये वाफ असल्याने साधे तेल धुऊन निघे, म्हणून चरबी मिसळलेले घट्ट सिलिंडर ऑईल वापरीत. हे तेल इंजिनातून निघालेल्या वाफेबरोबर पुढे जाई आणि रस तापवणाऱ्या नळ्यांवर त्याचा थर बसे. त्या वाफेचे पाणी बॉयलरला परत गेले तर बॉयलरच्या नळ्यांनाही धोका. टर्बाइन आल्यावर हा त्रास सुटला, कारण तेथे वाफेच्या वाटेत तेल लागत नाही. टर्बाइनचे बेअरिंग मात्र मिनिटाला हजारो फेरे घेते. त्याला पातळ, स्वच्छ, गाळलेले आणि थंड केलेले तेल अखंड खेळते लागते. टॉवरसाहेबांचा पडदा तिथे पुरेपूर उपयोगी पडतो. अलीकडे अनेक कारखान्यांत टर्बाइनच्या जागी विजेच्या मोटारी आणि बंद गिअरबॉक्स आले आहेत. काही ठिकाणी मिलच्या ब्रास जाऊन रोलर बेअरिंग आली. उघड्या दात्यांवर ब्रशने काळे वंगण फासण्याचे काम त्यामुळे पुष्कळ कमी झाले.

ग्रीस आणि डब्यावरचे आकडे

ग्रीस म्हणजे साबणात धरून ठेवलेले तेल. चुनखडीच्या साबणाचे ग्रीस पाण्याला दाद देत नसे, पण उष्णतेत वितळे. सोडियमचे ग्रीस उष्णतेला टिके, पण पाण्याने धुऊन जाई. १९४२ साली अमेरिकेत क्लॅरेन्स अर्ल यांनी लिथियम ग्रीसचे पेटंट घेतले. त्याने दोन्ही दुखण्यांवर बराच उतारा पडला. आता कॅल्शियम सल्फोनेटचेही ग्रीस मिळते. ते पाण्यात आणि भाराखाली अधिक टिकते.

पूर्वी तेल कंपनीच्या नावाने ओळखले जाई. कंपन्याही बदलल्या. एस्सोचे १९७४ साली आणि बर्मा शेलचे १९७६ साली सरकारीकरण झाले. इंडियन ऑईलने १९७२ साली सर्वो हे नाव बाजारात आणले. १९७५ साली आंतरराष्ट्रीय मानकाने तेलाच्या घट्टपणाचे वर्ग ठरवून दिले. डब्यावर ४६ आकडा असला तर ते तेल ४० अंश सेल्सिअसला ४६ सेंटिस्टोक घट्टपणाचे, असा त्याचा अर्थ. टर्बाइनला ४६ किंवा ६८, मिलच्या ब्रासला हजाराच्या घरातले वा त्याहून घट्ट. नाव कोणतेही असो, आकडा बघून तेल ओळखता येऊ लागले.

१९६६ साली ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीने अहवाल दिला. घर्षण, झीज आणि वंगण यांकडे नीट लक्ष दिले तर त्या देशाचे वर्षाला सुमारे ५१ कोटी ५० लाख पौंड वाचतील, असा तिचा अंदाज होता. तेव्हापासून वंगण हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाला.

भोंगा, घंटी, ट्रंक कॉल

आता निरोपाकडे वळू. कारखान्याचा सर्वांत जुना निरोप म्हणजे भोंगा. आठ ते चार, चार ते बारा, बारा ते आठ, या पाळ्या भोंग्यावर चालत आणि आसपासच्या गावांची घड्याळेही त्यावरच लागत. आत मिल आणि बॉयलर यांच्यात घंटी आणि लाल-हिरवे दिवे. मिल अचानक थांबली की वाफेचा खप एकदम घटतो आणि बॉयलरचा दाब चढतो. म्हणून “मिल बंद” ही खबर फायरमनला ताबडतोब कळावी लागते. बाकी हातवारे आणि आरोळी. मिल हाऊसच्या गोंगाटात मुठीच्या आणि बोटांच्या खुणांची एक भाषाच तयार झाली होती.

बाहेरगावी बोलायचे तर ट्रंक कॉल. साधा, अर्जंट आणि लायटनिंग असे दर ठरलेले. सुटा भाग मागवायला तार करायची. ती तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉटने गावाच्या धुळीत आणि उन्हात टिकणारी टेलिफोन एक्सचेंज बनवली आणि खेड्यापाड्यांत फोन वाजू लागला. १९९५ च्या जुलैत देशात पहिला मोबाईल कॉल झाला. चिठ्ठी घेऊन सायकलवर फिरणाऱ्या चिटबॉयच्याही खिशात आता फोन आहे. नियंत्रण कक्षात पडद्यावर प्रत्येक बेअरिंगचे तापमान दिसू शकते.

निरोप पोचला, पण समजला का?

साधने वाढली म्हणजे निरोप पोचलाच, असे मात्र धरून चालणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला संदेश गोंगाटात, तेलकट हातांनी कोण वाचणार? ‘पाठवला’ आणि ‘समजला’ यांत अंतर राहतेच.

याचे सर्वांत कडू उदाहरण समुद्रापलीकडचे आहे. ६ जुलै १९८८ च्या रात्री उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल-वायू फलाटावर स्फोट होऊन १६७ माणसे दगावली. चौकशीत आढळले ते असे. दिवसा एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता आणि तेथे तात्पुरते झाकण लावले होते. रात्रपाळीला ते नीट कळले नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हाच सुरू केला. रेडिओ होता, टेलिफोन होता, कागदही लिहिलेला होता. पाळी बदलताना एक गोष्ट सांगायची राहिली.

आपल्याकडेही असे क्षण रोज येतात. सुक्या वाफेच्या पाण्यात साखर उतरली तर प्रयोगशाळेत अल्फा-नॅफ्थॉलच्या परीक्षेत जांभळे कडे दिसते. ते पाणी बॉयलरला जाऊ देऊ नका, हा निरोप मिनिटांत पोचला पाहिजे, नाहीतर बॉयलरचे पाणी बिघडते. वंगणाचेही तसेच आहे. स्टोअरने नव्या प्रकारचे ग्रीस घेतले आणि जुन्यात ते मिसळले, तर दोन साबण न जुळून ग्रीस पातळ होऊन वाहून जाऊ शकते. डबा बदलला हे स्टोअरकीपरला ठाऊक, ऑईलमनला नाही, अशी गत होता कामा नये. “कपलिंग खोललंय, माणूस आत आहे,” हे पुढच्या पाळीला समजले नाही तर मग झिजणारी वस्तू धातूची राहत नाही, एखाद्याचा हात जातो.

आता काय करावे

पहिले, पाळी बदलताना दोघांनी यंत्रापाशी उभे राहून, नोंदवही उघडून बोलावे. घेणाऱ्याने निरोप आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवावा. “दादा, तीन नंबरला नवं तेल, पंपाची लाइन बंद, बरोबर?” एवढे पुरते.

दुसरे, यंत्रात काम चालू असेल तर बटणाला कुलूप आणि पाटी. किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात. फिरत्या दात्यांवर कॉटन वेस्ट फिरवायचे नाही, मग घाई कितीही असो.

तिसरे, प्रत्येक तेलाला एक रंग ठरवावा. पिपाला, झारीला आणि बेअरिंगच्या खोक्याला तोच रंग. ज्याला वाचता येत नाही त्यालाही मग चूक करता येणार नाही.

चौथे, रसाच्या ट्रेजवळ गळणाऱ्या तेलाला कधीच किरकोळ समजू नये. साखर लोकांच्या घरात जाते. खाद्यपदार्थाजवळ वापरण्याजोगी एच-वन वर्गातली तेले आता मिळतात, शक्य तिथे ती घ्यावीत. सांडपाण्यात तेल-ग्रीस लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असा दंडक आहे. जळके तेल ओढ्यात गेले तर विहिरी आपल्याच आहेत. ते परवानाधारक पुनर्वापर केंद्रालाच द्यावे.

पाचवे, तळहाताने ताप ओळखणारे आणि आवाजावरून बेअरिंग सांगणारे जुने कामगार निवृत्त होत आहेत. पडद्यावरचा आकडा चढायच्या आधी त्यांना जे कळते ते बिगरहंगामात नव्या पोरांना शिकवून घ्यावे. त्यांनी शिकवले ते वहीत उतरवून ठेवावे.

सभासदांनीही एक करावे. वार्षिक सभेत उतारा आणि भाव यांबरोबर हेही विचारावे की तेलावर किती खर्च झाला, यांत्रिक बिघाडाने गाळप किती तास थांबले आणि कामगारांना किती इजा झाल्या. हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवले की कारखान्याची प्रकृती कळते. प्रश्न विचारणारा सभासद हेही सहकाराचे एक वंगणच आहे.